थोरली पेटी आणि ताईंचं नाक

मी जिन्याखालची पेटी बोलतेय. जवळ यायला हरकत नाही. माझी वायर काढून माझ्याच पाठीवर गुंडाळली आहे, त्यामुळे शॉक बसायची भीती नाही. डोक्यावर कुणीतरी बिघडलेला पंखा ठेवला आहे आणि कपाळावर कागद चिकटवला आहे: 'नादुरुस्त'. हे साफ खोटं आहे. आजही वीज द्या, थोड्याच वेळात आईच्या पोटाइतकी ऊब धरून दाखवते. पण कागद एकदा चिकटला की त्याच्याशी वाद घालता येत नाही, हे मला माणसांत राहून कळलं आहे.

दिसायला मी घरातल्या लहान फ्रिजसारखी. काम मात्र बरोबर उलटं. फ्रिज संपलेल्या गोष्टी टिकवतो, मी सुरू व्हायच्या गोष्टी सांभाळते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका तपासनिसाने माझ्या पोटात हात घातला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे." एवढंच माझं बारसं. मग मला लाकडी खोक्यात घातलं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'ही बाजू वर'. ती बाजू खाली ठेवूनच मी इथवर आले. माणसं आणि त्यांच्या सूचना यांचं नातं काय असतं, ते मला त्या प्रवासातच समजलं.

खोकं उघडलं ते या दवाखान्यात. मूल होत नाही म्हणून आलेल्यांचा हा दवाखाना. बाईच्या शरीरातून काढलेलं बीज आणि पुरुषाचं बीज काचेच्या छोट्या बशीत एकत्र आणायचं आणि ती बशी माझ्यात ठेवायची, ही इथली रीत. आत अंधार, ऊब, ओल आणि मोजून सोडलेली हवा. आईच्या पोटात जे फुकट मिळतं ते मी वीज खाऊन पुरवायचे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका. एकाचे दोन व्हायचे, दोनाचे चार, चाराचे आठ. कुठलाही आवाज न करता. काही दिवसांनी ते भ्रूण आईच्या पोटात सोडत आणि माझं काम संपे.

पुढचं मला ऐकूनच कळायचं. माझ्यासमोरच्या भिंतीत एक लहान खिडकी होती. तिच्यातून बश्या पलीकडच्या खोलीत जात आणि पलीकडचं बोलणं इकडे येई. त्या खोलीतली सगळी भाषा तीन शब्दांवर चाले. रक्ततपासणी चांगली आली की 'लागलं'. सोनोग्राफीत हृदय हलताना दिसलं की 'ठोके आले'. आणि या दोहोंच्या मधे कधीतरी, पुष्कळदा, 'राहिलं नाही'. हे शेवटचं बोलताना माणसं घसा साफ करत.

लागल्यापासून ठोके येईपर्यंतचे जे आठवडे, तोच आमच्या मोठ्या डॉक्टरांचा संशोधनाचा विषय. एवढं जमून आलेलं मधेच का सुटतं, हे त्यांना शोधायचं होतं. माणूस हुशार आणि मनापासून झटणारा. दोष एकच: पाहुणे आले की मला उघडून दाखवायचे. "ही आमची सगळ्यांत जुनी," असं म्हणत माझ्या दारावर थाप मारायचे, जणू मी त्यांची म्हैस आहे. दार उघडलं की माझी ऊब जाते आणि ती परत यायला वेळ लागतो. आतल्यांना थंडी वाजते. पण पाहुण्यांना दार बंद ठेवलेली पेटी दाखवण्यात मजा नसते.

सगळ्यांत जुनी, कारण मागून आणखी दोन आल्या. मग मी थोरली झाले, दुसरी मधली आणि तिसरी धाकटी. तीन जावा एका खोलीत म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. धाकटीच्या पोटात कॅमेरा होता. दार न उघडता आतलं सगळं पडद्यावर दिसायचं. तिचं कौतुक विचारू नका. मधली बिचारी सरळ, फक्त मधूनमधून कारण नसताना ठणाणा करायची. मला उभं केलं होतं छतातल्या जाळीच्या बरोबर खाली. खोलीत येणारी ताजी हवा त्या जाळीतून यायची आणि पहिला श्वास माझा असायचा. मोठीचा मान म्हणून मी तो मिरवत असे.

आता ताई.

भ्रूणांचं काम बघणाऱ्या त्या मुख्य बाई. दवाखान्यात सगळे त्यांना ताईच म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. या कामात वास हा वैरी असतो. भ्रूणाला कातडी नाही, नाक नाही, खोकून टाकायला घसा नाही. हवेतलं जे काही असेल ते थेट त्याच्यात मुरतं. म्हणून लॅबमध्ये अत्तर नको, सुवासिक साबण नको, केसांचं तेल नको, फरशी पुसायचं वासाचं औषध नको. हे नियम सगळीकडे भिंतीवर लावलेले असतात. आमच्याकडे ते ताईंच्या नाकात होते.

ताई दारात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायच्या. एकदा यंत्रांचा विक्रेता आला. त्या म्हणाल्या, "दाढीनंतर काय लावलंत?" तो म्हणाला, "काही नाही मॅडम, काल लावलं होतं." त्या म्हणाल्या, "मग उद्या या." एकदा मोठ्या डॉक्टरांनाच त्यांनी परत पाठवलं, हात पुन्हा धुवायला. डॉक्टर गेले आणि धुऊन आले. तेव्हापासून ताईंच्या नाकाला दवाखान्यात जो दर्जा मिळाला तो कुठल्याच यंत्राला मिळाला नाही.

त्या जाळीच्या मागे, भिंतीआड, वास शोषून घेणारी एक गाळणी असते. ती भरली की बदलावी लागते. कंपनीने ठरावीक मुदत सांगितली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "मुदत कशाला? ताई सांगतील तेव्हा बदलू." आणि ते चाललं, अगदी उत्तम चाललं. ताई जाळीखाली मान वर करून उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बदला." दुसऱ्या दिवशी गाळणी बदललेली असायची. इतकी वर्षं एखादी गोष्ट बिनचूक चालली की माणसं तिला व्यवस्था म्हणायला लागतात.

मग ताईंना ताप आला. साधाच, थोडे दिवस घरी राहण्याजोगा. परत आल्या तेव्हा जरा उतरलेल्या दिसत होत्या. आल्या आल्या माझं दार पुसायला घेतलं. फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि त्यांचा हात थांबला. बाटली नाकाशी नेली. पुन्हा नेली. बूच लावलं, काढलं, अगदी नाकपुडीला टेकवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी बाटली जागेवर ठेवली, मला पूर्वीसारखंच स्वच्छ पुसलं आणि हातमोजे काढून खुर्चीत बसून राहिल्या.

मला वाटलं, त्या आता जाऊन सांगतील. सांगायचं फार नव्हतं: मला वास येत नाही, गाळणी मुदतीनुसार बदला. एका वाक्याचं काम. पण ताईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. या खोलीत शिकलेले पुष्कळ होते. मोठमोठ्या पदव्या असलेले येत-जात होते. ताईंकडे सगळ्यांपेक्षा वेगळं असं एकच होतं. ते गेलं असं कुणी आपल्या तोंडाने सांगत नाही. आज येईल, उद्या येईल, असं म्हणत दिवस ढकलतं माणूस.

तेवढ्यात चष्मेवाली आली. ताईंच्या हाताखालची ही दुसरी बाई. कामाला चांगली. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरायची आणि दिवसभर तो पुसत बसायची. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, आज नवीन साबण आहे. घ्या बरं वास. चालेल का?"

ताई उठल्या, तिच्या हातांवर वाकल्या, नेहमीसारखे डोळे मिटले.

"चालेल," म्हणाल्या.

त्या दिवसापासून ताई रोज तसंच करत राहिल्या. दारात उभं राहणं, वाकणं, डोळे मिटणं. फक्त आता त्या कुणाला परत पाठवेनात. चष्मेवाली एकदा सिस्टरला म्हणाली, "आजारपणानंतर ताई मऊ झाल्यात गं." सिस्टर म्हणाली, "बरंच झालं की. माझा पावडरचा डबा वर्षभर कपाटात पडून होता."

याच सुमारास ती आली. शाळेचे गणवेश शिवणारी बाई. तिचं नाव मला कधी नीट कळलं नाही. खिडकीपलीकडे सिस्टर तिला शिवणवाली म्हणायची. नवरा पाण्याचा टँकर चालवायचा. आणि बरोबर सासू. ही सासू म्हणजे चालती तक्रारवही.

"खुर्ची कसली ही? बसलं की घसरायला होतं. पोटुश्या बायकांच्या दवाखान्यात खुर्च्या तरी धड ठेवाव्यात."

"अहो आई, हळू बोला ना."

"हळू काय बोलायचं? मी काय खोटं बोलतेय? आणि चहा बघ. नुसतं गरम पाणी. डॉक्टर हुशार असतील, चहावाला नाही."

पण सुनेला निरनिराळ्या तपासण्यांना न्यायचं, तिची पिशवी धरायची, तिच्या कपाळावरचा घाम पदराने टिपायचा, हे सगळं तीच करायची. तोंडाने कुरकुर, हाताने काम.

शिवणवालीचं यापूर्वी दोनदा लागलं होतं आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांच्या संशोधनात तिची जागा बरोबर मधल्या आठवड्यांत होती. डॉक्टरांनी तिला पलीकडच्या खोलीत स्पष्ट सांगितलं, "हे बघा, तुमच्या शरीरात बीजं आता संपत आली आहेत. या वेळी जी मिळाली ती मिळाली. पुन्हा मिळतील असं मी सांगणार नाही."

"किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन भ्रूण तयार होतील असं दिसतंय. एक आत्ता सोडू. एक गोठवून ठेवू."

"म्हणजे दोनदा," ती म्हणाली. शिवणकाम करणारी माणसं कापड बघून किती निघेल ते लगेच सांगतात.

ती दोन्ही माझ्याकडे होती. पहिले दोन-तीन दिवस सुरेख गेले. एकाचे दोन, दोनाचे चार. त्यातलं एक त्याच वेळी गोठवलं. थंड नळकांड्यात ते सुरक्षित झालं. दुसरं आणखी वाढावं म्हणून माझ्यातच राहिलं.

आणि मग जाळीतून तो वास आला.

आधी पुसट. नंतर जाड. तिखट आणि गोडसर, लाकडाचा आणि आणखी कशाचा तरी. वरच्या मजल्यावर संशोधनाचं नवं दालन होणार होतं, त्याची दारं बनत होती, एवढं मला बोलण्यातून माहीत होतं. पॉलिश खाली कुठे करतात ते माहीत नव्हतं. माझी गाळणी कधीची भरलेली. ताईंनी 'बदला' म्हटलंच नव्हतं. मी दार घट्ट मिटून बसले, पण माझ्यात येणारी हवा त्या खोलीतूनच येते. नाक दाबून मुलाला दूध पाजता येत नाही.

चष्मेवाली आत आली आणि थबकली. नाक आक्रसलं. ताईंकडे पाहिलं. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या.

ती बाहेर गेली. खिडकीतून ऐकू आलं.

"सिस्टर, वास येतोय का गं तुला?"

"येतोय की. पॉलिशचा."

"आत पण येतोय."

"मग ताईंना सांग."

"ताई आतच आहेत गं. त्यांना न सांगता कळत नाही का? त्या बसल्यात म्हणजे चालण्यासारखा असेल. मी सांगायचं म्हणजे मी त्यांच्या नाकाला शिकवल्यासारखं होईल."

"हो, तेही खरंच. राहू दे."

थोड्या वेळाने मोठे डॉक्टर आले. दारात उभे राहून त्यांनीही हवा ओढली. "कसला वास येतोय का?" असं अर्धवट बोलले. ताईंनी मान वर केली. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. साक्षीला बोलावणं आलेल्या माणसासारखा चेहरा. मग त्या उठल्या, जाळीखाली उभ्या राहिल्या, डोळे मिटले. डॉक्टर थांबले.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही बाहेरून आलात ना, तुमच्या कपड्यांना असेल."

डॉक्टरांनी आपल्या बाहीचा वास घेतला. "असेल," म्हणाले आणि गेले.

अशा रीतीने त्या खोलीत ज्याला नाक होतं त्या प्रत्येकाला वास आला, आणि ज्यांना तो येत नव्हता त्यांनी तो नाही असं ठरवलं. माझ्यातला तो ठिपका वाढता वाढता मंद झाला. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले. पण थांबला नाही. बिचारा चिवट होता. त्याला आईच्या पोटात सोडलं.

लागलं. सासूने त्या दिवशी चहाला नावं ठेवली नाहीत. टँकरवाला नवरा खिडकीशी येऊन सिस्टरला म्हणाला, "आता गाडी हळू चालवतो." त्याच्या गाडीत बायको बसतही नसे. तरी हळू चालवायचा.

मग मधले आठवडे. सोनोग्राफीच्या दिवशी पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज.

त्या महिन्यांत असं पुष्कळांचं झालं. लागायचं आणि राहायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी आमच्याच खोलीत बैठक घेतली. कारणं निघाली. बायकांची वयं वाढली आहेत. ताण वाढला आहे. हवामान बदललं आहे. कुणी म्हणालं, मोबाइल. बैठकीत जे कारण सगळ्यांना माहीत होतं ते सोडून बाकी सगळी आली. मग चष्मेवालीने आकडे मांडले: तिन्ही पेट्यांत नुकसान आहे, पण थोरलीत सगळ्यांत जास्त.

असणारच. जाळीच्या खाली मी उभी होते. पहिला श्वास माझा.

"मग झालं तर," मोठे डॉक्टर म्हणाले. सुटल्यासारखे हसले. "म्हातारी थकली. काढून टाका तिला. आणि तिच्यामुळे बिघडलेले हे महिने अभ्यासातून वगळा. यंत्र बदलल्यापासूनचे धरू."

मी ताईंकडे पाहिलं. माझी वायर त्यांनीच काढली. काढताना तळहात माझ्या दारावर ठेवला, माझी ऊब पूर्ण जाईपर्यंत. तुमच्या कचेऱ्यांतही असंच असतं म्हणे. ज्याची बदली करायची त्याला निरोप चांगला देतात.

अशी मी जिन्याखाली आले. इथे बाजूला रुग्णांचं बाक आहे, आणि पाठीमागच्या खिडकीतून चौक दिसतो. आल्यावर पहिल्यांदाच मी तो चौक पाहिला. भिंतीत एक चौकोनी तोंड आहे, पत्र्याचं. त्यातून लॅबची हवा ओढली जाते. इतकी वर्षं मी ज्याचा श्वास घेतला ते तोंड हे. आणि त्याच्या समोर, भिंतीला टेकवून, सुताराने नव्या दालनाची दारं ओळीने उभी केलेली. सावली आहे, वारा आहे, पॉलिश लवकर सुकतं. सुताराची त्यात काय चूक? त्या पत्र्याच्या तोंडावर कुणी काही लिहिलेलं नाही. आत बसलेल्यांनाही ते कुठे उघडतं हे माहीत नाही. लॅबची हवा सगळ्यांनी दारात अडवली. ती भिंतीतून येते हे कुणी बघितलं नाही.

मध्यंतरी पॉलिशचं काम बंद होतं. माल संपला होता म्हणे. तेवढ्या दिवसांत पुन्हा काहींचे ठोके आले. मोठे डॉक्टर जिन्यावरून जाताना कुणाला तरी सांगत होते, "बघा, पेटी काढली आणि फरक पडला." माझ्या कपाळावरचा कागद त्या दिवशी त्यांनी अंगठ्याने पुन्हा नीट दाबला.

आज सकाळी माल आला. नव्या दालनाचं उद्घाटन जवळ आलं आहे.

आणि आज सकाळीच शिवणवाली आली आहे. तिचं दुसरं भ्रूण, गोठवलेलं, शेवटचं, आज बाहेर काढायचं. ते वितळवून काही तास धाकटीत ठेवायचं आणि दुपारी पोटात सोडायचं. बाकावर तिघं बसली. सासूने पिशवी माझ्यावर ठेवली, पंख्याच्या शेजारी.

"कसला गं वास येतोय?" सासू म्हणाली. "डोळे चुरचुरतात माझे."

"काही नाही हो आई."

"काही नाही कसं? पॉलिश आहे पॉलिश. एवढ्या नाजूक कामाच्या ठिकाणी पॉलिश करतात का कुणी?"

"तुला ना, प्रत्येक ठिकाणी काहीतरी दिसतंच," नवरा म्हणाला. "मागच्या वेळी खुर्ची होती, आता वास."

"खुर्ची वाईटच होती. बदलली की नाही त्यांनी?"

खरंच बदलली होती. पण इतक्या तक्रारींतून नेमकी खरी कुठली हे ओळखायला कुणाला वेळ आहे.

इतक्यात ताई बाहेर आल्या. गोठवलेलं काढण्याआधी ते कुणाचं हे त्या बाईच्या तोंडून ऐकायचं, अशी इथली रीत. त्या बाकासमोर उभ्या राहिल्या. मागे चष्मेवाली, चष्मा पुसत. शिवणवालीने आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. इतकं पुटपुटत की शेजारी असूनही मला ते नीट ऐकू आलं नाही.

"बाई," सासू मधेच म्हणाली, "तो वास आत तर जात नाही ना?"

"कसला वास?"

"अहो, हा काय. पॉलिशचा. तुम्हाला येत नाही?"

ताई चष्मेवालीकडे वळल्या. चष्मेवालीने चष्मा डोळ्यांना लावला आणि फरशीकडे बघू लागली. मला वाटलं, आता. आता कुणीतरी बोलेल. ताईंच्या ओठांची हालचाल मला दिसली. त्या काही म्हणणार होत्या. आपल्याला काय झालंय ते सांगणारं ते एक वाक्य त्यांच्या तोंडात अगदी आलं होतं, अशी माझी खात्री आहे.

पण त्यांनी शिवणवालीला विचारलं. सावकाश, जवळ वाकून.

"तुम्हाला येतोय का? खरं सांगा. येत असेल तर आज आपण काढणार नाही. ते गोठलेलं आहे, त्याला काही होत नाही. पुढे कधीतरी करू."

शिवणवालीने वर पाहिलं. पुढे कधीतरी. तिच्या कानात एवढाच भाग गेला असावा. आजच्या दिवसासाठी तिने इंजेक्शनं घेतली होती, शाळा उघडायच्या दिवसांत मशीन बंद ठेवलं होतं, नवऱ्याने रजा काढली होती. दोनदा लागून न राहिलेलं आणि मग तिसऱ्यांदाही. पुढे कधीतरी म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पॉलिशमुळेही असेल.

नवरा म्हणाला, "मला तर जरा..."

तिने त्याचा हात दाबला.

"नाही," ती ताईंना म्हणाली. "मला नाही येत. आईंना सगळीकडेच वास येतो. तुम्ही करा. तुम्हाला कळतंच की."

ताईंचे खांदे खाली आले. ओझं उतरल्यासारखे. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "चांगलं होईल," आणि आत गेल्या. मागून चष्मेवाली गेली. दार बंद झालं. दाराच्या वरचा दिवा लागला: आत काम चालू आहे, कुणी येऊ नये.

मी हे तुम्हाला का सांगतेय? मला पुन्हा लॅबमध्ये जायचं नाही. भंगारवाला येऊन गेला, भाव ठरला आहे, माझं काय ते ठरलं. पण तुम्ही या जिन्यावरून आत्ता जात आहात. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे आणि माझ्याजवळ उभे राहिल्यापासून तुम्ही नाकाला रुमाल लावलेला दिसतोय. तुम्ही इथले कुणी नाही, तुम्हाला कुणाच्या नाकाची भीड नाही. त्या दारावर थाप मारा. कुणीही उघडलं तरी चालेल. फक्त एवढंच सांगा की बाहेर वास येतोय. भ्रूण नळकांड्यातून अजून काढलं नसेल. आज थांबता येईल. उद्या थांबवण्यासारखं काही नसेल.

तुम्ही दिव्याकडे बघताय. कुणी येऊ नये असं लिहिलंय खरं. आत जाणकार माणसं आहेत, तेही खरं. त्यांना कळत नसेल का, असं तुमच्या मनात आलं. मला दिसतंय ते. सगळ्यांच्या मनात तेच येतं.

बाकावर शिवणवाली पोटावर हात ठेवून बसली आहे, अजून काही नसलेल्या पोटावर. सासूने पदराचं टोक नाकाला लावलंय आणि ती पहिल्यांदाच गप्प आहे. चौकात सुतार पहिलं दार उलटं करून दुसऱ्या बाजूला हात मारायला घेतोय, आणि भिंतीतलं ते पत्र्याचं तोंड एका लयीत हवा ओढतंय.